कोऱ्या चामड्यावरची विहीर

एका राज्यात आधी नकाशाचा शब्द चाले आणि मग राजाचा. ऐकणाऱ्याने नवल करू नये. पश्चिमेकडे, पारसिकांच्या मुलखात, हे राज्य होते. तिथले लोक अग्नीला साक्ष ठेवून बोलत आणि बोललेले पाळत. खोटे बोलणाऱ्याच्या हातचे पाणीही तिथे कोणी घेत नसे. राज्याला वीस सुभे होते, सात नद्या होत्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला घोडेस्वाराला नव्वद दिवस लागावेत असा राजरस्ता होता. एवढे राज्य एका नजरेत यावे म्हणून महालाच्या खालच्या दालनात चाळीस बैलांची कातडी एकीला एक शिवून नकाशा पसरलेला होता. नद्या निळीच्या, डोंगर गेरूचे, वाटा काजळाच्या शाईच्या आणि मोहिमांच्या वाटा मंजिष्ठेच्या लाल रंगाच्या. उत्तरेला घोडे पाळणाऱ्यांच्या गवताळ मुलखात गेलेली मोहीम, पूर्वेला मोठ्या नदीपर्यंत पोचलेली मोहीम, पश्चिमेला समुद्रापलीकडच्या बेटांवर गेलेली आणि निम्मीच परत आलेली मोहीम. आजा-पणजांचे सगळे पराक्रम तिथे जमिनीवर आडवे पडलेले होते.

हा नकाशा साधा नव्हता. पहिल्या राजाने एका जादूगाराकरवी जमिनीशी करार केला होता. "नकाशा खोटे सांगणार नाही," असे राजा म्हणाला. "मग मीही नकाशाबाहेर वागणार नाही," असे जमीन म्हणाली. तेव्हापासून नकाशाघराचा पहिला नियम होता: जे पायाखाली आले नाही, ते शाईखाली येऊ नये. पावले मोजणारी माणसे मुलूखभर चालत. दर दहा हजार पावलांना कमरेच्या दोरीला एक गाठ मारत. ती दोरी नकाशाघरात येई, गाठी तपासल्या जात, आणि मगच रेघ ओढली जाई. मोजणारा वाटेत मेला तर त्याची शेवटची गाठ जिथे, तिथे रेघ थांबे. पुढचे चामडे कोरे राही.

अशी एक मोठी कोरी जागा नकाशाच्या मधोमध होती. ते मिठाचे रण. मेहेराब नावाचा एक म्हातारा मोजणारा त्यात शिरला होता. त्याचा उंट परत आला, उंटाच्या गळ्यात दोरी होती, दोरीला एक्केचाळीस गाठी होत्या. मेहेराब आला नाही. रणाच्या पलीकडे दर्याब नावाचे शहर होते, त्याच्या अलीकडे सगळे कोरे.

त्या काळी नकाशाघराचे कलम आबान नावाच्या बाईच्या हाती होते. तिची रेघ केसासारखी बारीक निघे आणि कधी थरथरत नसे. तिचा नवरा होशंग पावले मोजणारा. तो वर्षातले आठ महिने चाले आणि ती ते आठ महिने नकाशावर काढी. तो म्हणे, "मी कुठे होतो ते मला घरी आल्यावर कळते." दोघांचा संसार असा पायांवर आणि हातांवर चाललेला होता, आणि सुखाचा होता.

एके दिवशी शेजारच्या राज्याचा वकील आला. नकाशा पाहून त्याने मान डोलावली, मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "महाराज, नकाशा सुंदर आहे. फक्त मधोमध भोक पडले आहे."

राजा बर्झाद ते ऐकून हसला. पण हसणे ओठांवरच राहिले. त्या रात्रीचे जेवण त्याला गेले नाही. त्यातच दर्याबच्या सुभेदाराने बंड केल्याची खबर आली. रणाला वळसा घालून जावे तर सहा महिने. सरळ जावे तर चाळीस दिवस. राजाने आबानला बोलावले.

"ती जागा भरून काढ."

"महाराज, एक्केचाळिसाव्या गाठीपुढे कोणी चाललेले नाही."

"रेघ सरळच तर जाते आहे. सरळ रेघ पुढे सरळच जाणार. नवरोजाच्या सणाच्या आत सैन्य दर्याबला पोचले पाहिजे."

राजा बोले आणि दळ हाले. तिथे नकाशाघरातल्या एका बाईची काय कथा? पण खरे सांगायचे तर नुसता हुकूम नव्हता. अर्धवट तुटलेली ती रेघ आबानलाही बरीच वर्षे सलत होती. तिने कलम शाईत बुडवले आणि एक्केचाळिसाव्या गाठीपासून दर्याबपर्यंत रेघ ओढली. रेघ फार लांब आणि उघडी दिसली, म्हणून तिच्या मध्यावर तिने एक छोटे काळे वर्तुळ काढले. विहीर. चांगले चित्र काढणाऱ्यांनाच ही खोड असते, की जागा बरी दिसावी म्हणून काहीतरी ठेवून द्यायचे.

होशंग सैन्याचा वाटाड्या नेमला गेला. निघण्याच्या आदल्या दिवशी तो नकाशाजवळ उकिडवा बसला आणि त्याने वर्तुळावर बोट ठेवले.

"ही विहीर कोणी मोजली?"

आबान कलम पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मोजलेली आहे."

दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे सोहळा झाला. सरदार गुदर्ज आणि होशंग यांनी जोडे काढले, नकाशावर पाय ठेवले आणि मोहिमेच्या वाटेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनवाणी चालत गेले. "राजाची रेघ सोडणार नाही," अशी शपथ सगळ्या सैन्याने घेतली. बारा हजार माणसे निघाली. ढोल वाजले, डाळिंबाची फुले उधळली गेली, आणि धूळ खाली बसेपर्यंत आबान कोटावर उभी होती.

चाळीस दिवस झाले. साठ झाले. दर्याबहून काही निरोप नाही, सैन्याचा एक माणूस परत नाही. आणि राज्यात विपरीत घडू लागले. वरात निघे आणि संध्याकाळी आपल्याच दारात येऊन थांबे. डाकेचा घोडेस्वार एका चौकीतून निघून त्याच चौकीत पोचे. मेंढपाळ कुरणाकडे जाई तो घरीच येई. करार मोडला होता. नकाशाने खोटे सांगितले होते, आणि जमीन त्या खोट्यालाच धरून बसली होती. एक वाट खोटी, तर सगळ्याच वाटा खोट्या.

आबान नकाशावर ओणवी होऊन पाहू लागली, तेव्हा तिला ते दिसले. तिने ओढलेल्या त्या रेघेवर बारीक काळे ठिपके सरकत होते. मुंग्यांसारखी रांग. ते वर्तुळापर्यंत जात, थांबत, पुढे निघत, आणि दर्याबला टेकण्याआधी पुन्हा एक्केचाळिसाव्या गाठीशी येत. तिने मोजायचा प्रयत्न केला. बारा हजार होते. सगळ्यांच्या पुढे एक ठिपका एकटा चालला होता. तो कोण ते तिला सांगावे लागले नाही. खाई त्याला खवखवे. ती तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

दरबारचा जादूगार अझराक याला बोलावण्यात आले. तो विद्वान होता, पण माणसे त्याला ठिपक्यांएवढीच दिसत.

"उपाय सोपा आहे," तो म्हणाला. "रेघ खरवडून टाकावी. खोटे गेले की वाटा मोकळ्या होतील."

"आणि रेघेवरची माणसे?" आबानने विचारले.

"रेघेवर आहेत ती रेघेबरोबर जातील."

राजाचा चेहरा पांढरा पडला. पण बाहेर वीस सुभ्यांतले धान्य वाटेवर अडकले होते, आणि बारा हजारांसाठी लाखांना उपाशी ठेवता येत नव्हते.

"नवरोजाच्या सकाळी मी स्वतः खरवडीन," राजा म्हणाला. "आज त्याला साठ दिवस आहेत."

"साठ दिवस मला द्या, महाराज."

"तू काय करणार?"

"जे काढले ते चालून पाहते."

राजाने मान खाली घातली आणि हाताने जा म्हणून खूण केली.

आता निघालेला माणूस पोचत नव्हता, हे वर सांगितले आहे. पण आबान मेहेराबची दोरी हातात घेऊन निघाली. त्या दोरीतले प्रत्येक पाऊल खरे चाललेले होते, आणि ती हाती असलेल्या माणसाला जमिनीने अडवले नाही. विसाव्या दिवशी ती रणाच्या काठावरच्या शेवटच्या चौकीवर पोचली. पुढे पांढरे मीठ, वर पांढरे आकाश. चौकीच्या भिंतीवर एक पखुर्डी बसली होती. हा माळावरचा पक्षी. त्याचा नर छातीची पिसे पाण्यात भिजवून घेतो आणि कोसन् कोस उडून पिलांना पाणी पाजतो. त्याची छाती ओली होती. तो पक्षी बोलू लागला.

"बाई, ती विहीर तूच काढलीस ना?"

"मीच काढली, पाखरा."

"मग तीन कामे कर. पहिले, एक्केचाळीस गाठी चुकल्याशिवाय मोज. दुसरे, खरे पाणी शोध. कारण ती माणसे खोट्या वाटेवरून सुटली, की त्यांना इतक्या दिवसांची तहान एकदम लागेल. तिसरे, ज्याच्याशी खोटे बोललीस त्याला ते तोंडाने सांग."

"पहिली दोन अवघड आहेत," आबान म्हणाली.

पक्ष्याने तिच्याकडे एका डोळ्याने पाहिले आणि तो उडून गेला.

आबानने उंटावर पाण्याच्या पखाली बांधल्या, कमरेला नवी दोरी बांधली आणि मोजायला सुरुवात केली. मोजणाऱ्याने चालताना बोलू नये, हा त्या लोकांचा रिवाज. रणालाही तो ठाऊक होता. तिसऱ्या गाठीजवळ वाऱ्यातून तिच्या मेलेल्या आईचा आवाज आला: "आबान, किती झाली गं?" तिने भाबडेपणाने आकडा सांगितला, आणि पुढचे पाऊल चौकीच्या उंबऱ्यावर पडले. दुसऱ्या खेपेला ती सतराव्या गाठीपर्यंत गेली. तिथे वाऱ्यातून कोणीतरी चुकीचा आकडा बोलले. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय आबानला राहवत नसे. ती बोलली, आणि पुन्हा उंबरा. तिसऱ्या खेपेला तिने तोंडात गारगोटी धरली. रणाने तिला होशंगच्या आवाजात हाका मारल्या. तिने गारगोटी इतकी चावली की दात दुखावला, पण ती चालत राहिली. चौदा दिवस लागले. एक्केचाळिसावी गाठ मारून तिने वर पाहिले, तर समोर मेहेराब बसला होता.

म्हणजे त्याची हाडे बसली होती. टेकून बसावे तशी, शांत. एक हात मांडीवर होता आणि दुसरा दक्षिणेकडे पसरलेला. रेघ पूर्वेला जात होती. म्हाताऱ्याने मरताना दाखवले होते ते दक्षिणेला.

"काका, आम्ही तुमची दोरी पाहिली," आबान म्हणाली, "तुम्ही कुठे पाहत होता ते कोणी विचारले नाही."

तिने त्याला नमस्कार केला आणि त्याच्या हाडांवर दगड रचले.

दुसरे काम सुरू झाले. पखुर्डी रोज सकाळी एकदाच पाण्यावर जाते आणि माणसाच्या पायाला पाखराच्या पंखाची बरोबरी करता येत नाही. म्हणून आबानने असे केले: सकाळी थवा जाताना दिसे, तो जिथे नजरेआड होई तिथपर्यंत ती चाले आणि दगडांचा एक ढीग रची. मग तिथेच दुसऱ्या सकाळची वाट पाही. पुन्हा थवा, पुन्हा चाल, पुन्हा ढीग. पाणी पुरवून पुरवून प्यायचे, उंटाला आधी द्यायचे. अशा सात सकाळी गेल्या. सातव्या सकाळी एका काळ्या खडकाच्या पोटात तिला झरा दिसला. पाणी फार मोठे नव्हते, पण आटणारेही नव्हते. काठावर हजारो पाखरे बसली होती. गाठीपासून तिथवर वीस हजार पावले होती.

तो पक्षी पुढे आला.

"बाई, पाणी सापडले. आता सैन्य येईल, पिऊन जाईल. आमचे त्याला ना नाही. तहानलेल्याला पाणी कोण नाकारील? पण मग तू हे नकाशावर काढशील. नकाशावर विहीर आली की तिच्या मागोमाग मोहीम येते. मग आम्ही पिलांना काय पाजावे?"

आयुष्यभर आबानने एकच पुण्य जाणले होते, की पाहिलेले काढावे.

"काढणार नाही," ती शेवटी म्हणाली. "अग्नीची शपथ."

ती मागे फिरली. मेहेराबच्या दगडांपाशी उभी राहिली, डोळे मिटले, आणि पूर्वेकडे एक पाऊल टाकले.

डोळे उघडले तर ती आपल्या रेघेवर होती. आकाश चामड्याच्या रंगाचे होते. जमीनही चामड्याची, आणि वाकून पाहिले तर तिच्यावर बैलाच्या केसांची बारीक छिद्रे. ऊन होते पण सूर्य नव्हता. कोणत्याच वस्तूला सावली नव्हती, कारण नकाशात सावली काढायची पद्धत नाही. रात्रही नव्हती. थोड्या वेळाने पावलांचा आवाज आला आणि बारा हजार माणसे समोरून चालत आली. त्यांचे ओठ काळे झाले होते. विहिरीत शाई होती, आणि तहानेने त्यांनी ती प्यायली होती.

सगळ्यांच्या पुढे होशंग होता.

"आबान," तो म्हणाला, जणू ती बाजारातून आली होती. "तू कशी आलीस? आम्ही आजच तर या रेघेवर आलो."

"किती दिवस चालता आहात?"

"एकच. संध्याकाळ झालेली नाही अजून. विहिरीचे पाणी काळे आहे, पण विहीर जागेवर आहे. मी सगळ्यांना सांगितले, रेघ आबानची आहे, पुढे दर्याब येणारच."

मागची माणसे मान हलवत होती. त्यांनी ते अनेकदा ऐकले असावे. त्या एका वाक्यावर बारा हजार माणसे उभी होती, आणि ते वाक्य आबानला मोडायचे होते. हेच ते तिसरे काम.

"दर्याब येणार नाही," ती म्हणाली. "एक्केचाळिसाव्या गाठीपुढे कोणी चालले नव्हते. रेघ मी मनाने ओढली. विहीरही मनाने काढली. जागा रिकामी दिसत होती म्हणून."

सरदार गुदर्ज तलवारीवर हात ठेवून पुढे आला. "वाटाड्या, ही तुझी बायको नव्हे. हे रणातले भूत आहे. राजाची रेघ आम्ही सोडणार नाही."

आबान होशंगकडे वळली.

"तुम्ही मला विचारले होते," ती त्याला म्हणाली. तिने डोळे खाली घेतले नाहीत. "ही विहीर कोणी मोजली, असे विचारले होते. मी मोजलेली आहे म्हणाले. ते खोटे होते. मी कलम पुसत होते आणि वर पाहिले नाही."

"मला ठाऊक आहे तू वर पाहिले नाहीस," होशंग म्हणाला.

आबान त्याच्याकडे पाहत राहिली.

"वीस वर्षांत तू मला मान खाली घालून कधी उत्तर दिले नव्हतेस. मी ते पाहिले आणि पुन्हा विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सोहळा होता. सगळ्या दरबारासमोर बायकोला खोटी ठरवायची माझी छाती झाली नाही." तो मागे वळून माणसांकडे पाहू लागला. "मग चालताना मी स्वतःला सांगत राहिलो, की तिचा हात चुकत नाही. जितक्या वेळा विहिरीशी आलो तितक्या वेळा सांगितले."

मग तो गुदर्जला म्हणाला, "सरदार, हे भूत नाही. भुताला हे ठाऊक नसते."

एवढे बोलून त्याने रेघेबाहेर, कोऱ्या चामड्यावर, दक्षिणेकडे पाऊल टाकले.

आणि त्याची सावली पडली.

इकडे राजधानीत नवरोजाची सकाळ होती. राजा बर्झाद हातात सुरी घेऊन नकाशावर गुडघे टेकून बसला होता. अझराक शेजारी उभा होता. "महाराज, मुहूर्त टळतो आहे." राजाने सुरी रेघेवर टेकवली. तेवढ्यात त्याला दिसले, की सर्वांत पुढचा ठिपका रेघेवरून खाली उतरला आहे. कोऱ्या चामड्यावर तो एकटाच उभा होता. राजाचा हात थांबला. मग दुसरा ठिपका उतरला. मग चार, मग शंभर, मग रांगच्या रांग दक्षिणेला वळली.

"अझराक," राजा म्हणाला, "ही माणसे आहेत." आणि त्याने सुरी दूर फेकली. शेवटचा ठिपका उतरला तशी ती रेघ वर्तुळासकट उडून गेली. चामडे पुन्हा कोरे झाले.

तिकडे रणात सूर्य तळपत होता, आणि पक्षी म्हणाला होता तसेच झाले. इतक्या दिवसांची तहान बारा हजारांना एकदम लागली. माणसे जागच्या जागी बसू लागली. आबान पहिल्या ढिगाकडे हात करून ओरडली, "वीस हजार पावले आहेत! मी मोजलेली आहेत!" होशंगने तिच्याकडे पाहिले. ती त्याच्या डोळ्यांत पाहत होती. तो मागे वळला आणि त्याने आरोळी दिली, "उठा! मोजलेली आहेत!"

ते उठले. धडधाकट माणसाने थकलेल्याला पाठीवर घेतले. एका ढिगापासून दुसऱ्या ढिगापर्यंत, एवढेच डोळ्यांसमोर ठेवायचे. चारशे घोडे वाटेत पडले. माणूस एकही मागे राहिला नाही, कारण गुदर्ज सरदार सर्वांत शेवटी चालला आणि त्याने कोणाला बसू दिले नाही. जाता जाता त्याची शेवटची तुकडी आबानच्या सांगण्यावरून ढीग मोडत आली. झऱ्यावर पाखरे बाजूला सरली आणि माणसे ओठांची शाई जाईपर्यंत पाणी प्यायली. तीन दिवस तिथे राहून, पखाली भरून, ते राजधानीकडे वळले. वाटा मोकळ्या झाल्या होत्या. निघालेला माणूस पोचू लागला होता. दर्याबच्या सुभेदाराने सैन्य रणातून जिवंत निघाल्याचे ऐकले आणि गुमान माफीचा खलिता पाठवला. त्या वर्षी त्या शहरासाठी कोणाला मरावे लागले नाही.

सगळ्या वाटेवर होशंग आबानशी एक शब्द बोलला नाही. तिनेही बोला म्हटले नाही.

दरबार भरला. राजाने आबानला जवळ बोलावले.

"तू बारा हजार माणसे परत आणलीस. तो मुलूख आता पायाखाली आला आहे. आता ती जागा भर, आणि हवे ते माग."

"महाराज, नियम असा आहे, की खोटी रेघ काढणाऱ्या हाताने पुन्हा कलम धरू नये. मी धरणार नाही." तिने आपले कलम राजाच्या पायाशी ठेवले. "आणि तिथे जे आहे ते न काढण्याचे मी वचन दिले आहे. ज्यांनी पाणी दिले त्यांना."

अझराक काही बोलणार होता. राजाने त्याला हाताने थांबवले.

"रेघ तिची होती, हुकूम माझा होता," राजा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "तिने कलम ठेवले. मीही काही ठेवायला हवे. आजपासून मोहीम निघेल तेव्हा नकाशावरून अनवाणी मी चालेन, आणि मग सैन्याच्या पुढेही मीच चालेन."

त्यानंतर त्या राज्यातून मोहिमा फारच कमी निघाल्या, हे सांगायला नको.

आबान घरी आली. रिकामे हात तिला जड झाले होते. चूल पेटवावी की नाही हेही तिला कळेना. दारात होशंग आला, जोडे काढून उभा राहिला.

"माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला. "तुझ्यावरचा नाही, माझ्यावरचाही नाही. बरेच दिवस जाणार नाही."

"बरे," आबान म्हणाली.

"पण तो मी घरात बसून करणार आहे. भूक लागली आहे. जेवायला काय आहे?"

आबानने चूल पेटवली. लाकडे ओली नव्हती, तरी तिच्या डोळ्यांना धूर लागला असे तिने सांगितले, आणि होशंगने ते खोटे चालवून घेतले.

बारा हजार निघाले होते, बारा हजार घरी पोचले. तसे वाटेला लागलेले सगळे पोचोत, आणि त्यांच्या दारात कोणीतरी जेवायचे थांबलेले असो.